पूर्वेस म्हसोबा

१

पडवळवस्तीचा म्हसोबा जागेवर नाही, हे रविवारी सकाळी सोजरबाईंनी मला फोनवर सांगितलं आणि खरं सांगते, आधी मला रागच आला. देव हरवला तर गुरवाला फोन करावा, वकिलाला कशाला? मी थेरगावात, डांगे चौकाजवळ, जमिनीच्या कागदांची वकिली करते. माझ्याकडे लोक सात-बारा घेऊन येतात, गाऱ्हाणी घेऊन येतात, क्वचित फीसुद्धा घेऊन येतात. देवाची तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं.

"ताई, उद्या मोजनी हाय नव्हं?" सोजरबाई म्हणाल्या. "मह्या कागदावर काय लिवलंय ते तुमीच वाचून दावलं व्हतं. पूर्वेस म्हसोबा. आता म्हसोबाच न्हाई, तर मह्यं घर कुठंय म्हनून सांगू त्या साहेबाला?"

मी चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली.

चाकणच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पडवळवस्ती लागते. कोंडीराम पडवळ या शेतकऱ्यानं तिथलं आपलं एक रान गुंठा गुंठा पाडून कारखान्यातल्या कामगारांना विकलं होतं. तेव्हा तुकडेबंदीचा कायदा कडक होता. एवढ्या लहान तुकड्याचं खरेदीखत होत नसे. मग लोक नोटरीसमोर कागद करत, पैसे मोजत, पत्र्याचं घर बांधत आणि पुढचं देवावर सोडत. इथं तर अगदी शब्दशः. नकाशा नाही, मोजणी नाही. रानाच्या पूर्व टोकाला पडवळांचा म्हसोबा होता. कोंडीरामनं त्याच्यापासून दोरी धरली आणि तुकडे पाडले. म्हसोबाच्या पलीकडे ओढा, आणि ओढा सरकारचा. अगदी शेवटचा, म्हसोबाला लागून असलेला गुंठा सोजरबाईंच्या नवऱ्यानं घेतला.

आता कायदा सैल झाला होता. शहराभोवतीच्या पट्ट्यातले असले जुने व्यवहार नियमित होणार होते. कोंडीराम वारले होते, पण त्यांची बायको ठकुबाई आणि मुलगा गोरक्ष सह्या करणार होते. मोजणी झाली की खरेदीखत, आणि खरेदीखत झालं की सात-बारावर नाव. सोजरबाईंचा नवरा बीडकडून येऊन भोसरीत आयुष्यभर लेथवर राबला आणि मागे दोन खोल्या ठेवून गेला. त्या खोल्यांशिवाय या बाईचं जगात काही नव्हतं.

मी पोचले तेव्हा वस्तीवरची सगळी माणसं ओढ्याच्या काठी गोळा झाली होती. देवाच्या जागी वीतभर खोल खळगा होता, काठाला बोटभर शेंदूर, आत स्वच्छ पांढरा मुरूम. खळग्याभोवतीची जमीन मात्र ताज्या शेणानं सारवलेली होती. मधोमध चिमूटभर तांदळावर एक सुपारी ठेवली होती.

मी बरेच चोर पाहिले आहेत, अंगठ्याचे आणि सह्यांचेसुद्धा. चोरी करून जागा सारवून जाणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

२

सगळ्यांची बोटं ज्योतीरामकडे होती. ज्योतीराम जमिनीचा एजंट. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, आणि तोंडात सारखं 'पार्टी'. ओढ्यापलीकडच्या रानात एका पार्टीला शेड टाकायची होती आणि शेडला रस्ता हवा होता. सोजरबाईंचं घर नसतं तर तो रस्ता सरळ निघाला असता. त्यांना त्यानं दोनदा घर विकायला सांगून पाहिलं होतं, आणि शनिवारी संध्याकाळी तो म्हसोबापाशी टेप घेऊन उभा असलेला वस्तीनं पाहिला होता.

"टेप लावली, कबूल आहे," तो म्हणाला. "रस्ता किती बसतो ते बघत होतो. पण म्याडम, मला जागा पाहिजे असती तर मी पार्टीच्या जेसीबीनं काम केलं असतं. दगड चोरून मी काय करू? घरी नेऊन पुजू?"

माणूस मला आवडला नाही, पण बोलणं खरं वाटलं. ज्योतीरामनं दगड उपटून ओढ्यात भिरकावला असता. शेण कालवत बसण्याइतका वेळ तो कोणालाच देत नसे, देवाला तर नाहीच.

दुसरा सुजित. सोजरबाईंच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंगवर होता. त्याचं आणि सोजरबाईंचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. का, ते दोघंही सांगत नसत.

"त्यांची जागा गेली तर माझी बाजू मोकळी होते, म्हणजे मीच केलं, असंच ना?" सुजित वैतागला होता. "भावा, मी... सॉरी, म्याडम. मी काल डबल ड्युटी मारून आलो आणि मुडद्यासारखा झोपलो. आणि त्या देवाला आम्ही बाहेरून आलेले लोक हात लावत नाही. पडवळांचा देव आहे तो. नारळसुद्धा आम्ही लांबून ठेवतो, फोडायचा त्यांनीच."

हे मला माहीत नव्हतं. मी आजूबाजूला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पडवळांच्या घरच्या माणसाशिवाय त्या दगडाला कोणी शिवत नसे.

म्हणजे राहिला गोरक्ष. कोंडीरामचा एकुलता एक मुलगा, चाकणला कंपनीत कायम नोकरीवर. तो मोटारसायकलवरून आला, हँडलला पिठाची प्लास्टिकची पिशवी लटकत होती.

"ताई, मी सही करतो म्हनालो ते आईच्या शब्दाखातर," तो गाडीवरूनच म्हणाला. "बापानं ज्या भावात दिल्या, त्या भावात आता इथं गुराला सावली मिळत न्हाई. मी वरचे पैसे मागितले तर चुकलो का? पन देव चोरायला मी काय येडा हाय? आमचा देव हाय तो. चोरला तर पाप आमालाच लागनार."

मोजणी लांबली तर घासाघीस करायला त्याला वेळ मिळणार होता. कारण होतं, हक्क होता आणि देवाला हात लावायची मुभाही होती. तरी त्याच्या चेहऱ्यावर मला चोरी दिसेना. त्याला घाम फुटला होता, आणि तो भीतीचा होता. देव उठून गेला या गोष्टीनं तो आतून हादरला होता.

"आई कुठं आहे?" मी विचारलं.

"घरी. कालपासनं जेवली न्हाई," गोरक्ष म्हणाला आणि गाडी वळवली.

३

पडवळांचं घर वस्तीच्या तोंडाला, रस्त्यालगत. नवं सिमेंटचं, पण स्वयंपाकघर जुन्या पद्धतीचं. ठकुबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. वय झालेलं, कपाळ मोकळं, हात मात्र अजून दणकट.

"ये पोरी, बस," त्या म्हणाल्या. "वकिलीन झालीस तरी लेकीसारखीच हाईस. चा घेशील?"

मी बसले. त्या दुकानच्या पिशवीतलं पीठ परातीत घेत होत्या. गोरक्ष कंपनीत ओव्हरटाइमला निघायच्या गडबडीत होता, आणि पीठ चिकट निघालं म्हणून कुरकुरत होता. भिंतीला पत्र्याची मोठी कोठी होती. चहात साखर टाकायला त्या उठल्या तेव्हा मी सहज कोठीवर हात टेकला. आवाज भरीव आला. झाकणाशी बाजरीचे दाणे सांडले होते; कोठी काठापर्यंत भरलेली असावी.

"आजी, कोणी केलं असेल हे?"

"देवाच्या मनात आलं, गेला," ठकुबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "उद्याच्या मोजनीचं काय व्हईल आता? देव न्हाई म्हनल्यावर साहेब माघारी जातील का?"

"जाणार नाहीत, आजी. त्यांच्याकडे यंत्र असतं. गटाची हद्द ते सरकारी नकाशावरून दाखवतात. देव असो नसो."

त्यांच्या हातातली भाकरी तव्याऐवजी परातीतच पडली. "तापला न्हाई अजून," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. तवा चांगला धगधगत होता.

मी परत सोजरबाईंकडे आले. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. एका गोष्टीवरून माझं मन हटत नव्हतं, म्हणून मी सरळच विचारलं. "मावशी, सुजितशी तुमचं का बिनसलंय?"

त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "कुनाला सांगू नगा. घराचा पाया खांदताना ह्याच उंबऱ्याखाली शेंदरानं माखलेली माती निघाली. लाल भडक, हातभर खोल. नारळाच्या करवंट्या, जळका कापूर. मालक म्हनले, कुनीतरी करनी केलीया. वस्तीला शेजारी तेवढाच व्हता. तवापसनं म्या त्याच्या घरचं पानी पेत न्हाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? लिंबू टाकलं, माती तशीच दाबली, वर उंबरा बसवला. रोज त्याच्यावरनं पाय टाकताना जीव घाबरतो, ताई."

मी खाली बसून उंबऱ्याकडची माती बघू लागले. त्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

४

करणी करणारा माणूस हातभर खोल शेंदूर ओतत नाही. ती माती एका अमावस्येची नव्हती. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी तेल, शेंदूर आणि नारळाचं पाणी मुरलं की जमीन अशी होते. आणि ओढ्याकाठचा म्हसोबाचा खळगा? काठाला बोटभर शेंदूर, आत स्वच्छ पांढरा मुरूम. पडवळांचा म्हसोबा पणजोबाच्या वेळचा, असं वस्ती सांगत होती. मग त्याच्याखालची माती कोरी कशी?

कारण तो तिथला नव्हताच. त्याची मूळ जागा सोजरबाईंच्या उंबऱ्याखाली होती. घर बांधायच्या आधी कोणीतरी त्याला उचलून ओढ्याकडे सरकवलं होतं. आणि म्हसोबा हीच हद्द असेल, तर सोजरबाईंचा गुंठा कोंडीरामच्या रानात नव्हताच. तो ओढ्यात होता. जी जागा विकणाऱ्याची नाही, ती कुठल्याच नव्या कायद्यानं नियमित होत नाही.

हे समजल्यावर मला चोर शोधल्याचा आनंद झाला नाही. माझ्याच अशिलाचं घर माझ्याच तर्कानं हातचं जात होतं.

पण चोर कोण, हेही मग आपोआप उलगडलं. देव उचलला तर त्याची जागा मोकळी ठेवत नाहीत, त्याच्या नावानं सुपारी मांडतात. हे करणारा माणूस देव पळवत नव्हता, हलवत होता. आणि हलवलेला देव उघड्यावर ठेवत नाहीत. आमच्या थेरगावात जुनी घरं पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी घरचे देव धान्यात ठेवले होते. देव धान्यात आहे तोवर त्यातला दाणा कोणी काढत नाही.

ज्या घरात कोठी काठोकाठ भरलेली आहे, त्या घरात दुकानातून पीठ का येतं?

गोरक्ष कामावर गेला असणार याची खात्री करून दुपारी मी पुन्हा पडवळांच्या स्वयंपाकघरात गेले. ठकुबाई कोठीला पाठ लावून बसल्या होत्या.

"आजी," मी म्हणाले, "देवाला बाजरीत गुदमरायला होत असेल."

त्यांनी नाकारलं नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि रडू लागल्या. मला अशिलांच्या रडण्याची सवय आहे, मी सहसा पाघळत नाही. या बाईपुढं मात्र मला नजर वर करवेना.

"सगळे तुकडे इकून झाले व्हते," त्या म्हणाल्या. "मग हा बीडचा मानूस आला. रोज यायचा. पाया पडायचा. एक गुंठा द्या, मामा, बायकोला गावाकडनं आनायचीय. जागा तर संपली व्हती. मालक म्हनले, वड्याला कुठं मालक हाय? दुपारच्या पारी देव उचलला, पुढं नेऊन बसिवला. मला म्हनले, निवद दाखव. म्या दाखिवला. पोरी, मी हातानं दाखिवला निवद."

"गोरक्षला माहीत आहे?"

"न्हाई. तो तवा आजोळी शाळंला व्हता. मालकाचा उजवा हात गेला ना पुढं, लुळा पडला. दवाखान्यात म्हनले बीपी. मला ठावं हाय कशानं गेला." त्यांनी डोळे पुसले. "उद्या यंत्र खरी हद्द दावनार. देव तितंच असता तर पयला सवाल हाच निघाला असता, देव कुनी हलिवला? पडवळाबिगर कोन हात लावतंय त्याला? मेलेल्या मानसाच्या तोंडाला काळं लागलं असतं. मला वाटलं, देवच न्हाई म्हनल्यावर चोरावर जाईल समदं."

"ते खरंच चोरावर जाईल, आजी. ज्योतीरामवर, नाहीतर सुजितवर. तुमच्या मालकांचं नाव वाचेल."

त्यांनी वर पाहिलं. "आन त्या बाईला काय मिळंल?"

मी वकील आहे. खोटं बोलायला मला फी मिळते असं लोक समजतात. "काही नाही," मी म्हणाले. "आज ना उद्या तिचं घर पडेल."

५

सोमवारी मोजणीवाले आले. तरुण साहेबांनी यंत्राचा दांडा हातात धरून गटाची हद्द चालायला सुरुवात केली. सगळी वस्ती त्यांच्या मागून चालत होती, मीही. पूर्वेच्या कोपऱ्यावर ते थांबले, यंत्राकडे दोनदा पाहिलं आणि चुन्याची रेघ मारली. रेघ सोजरबाईंच्या उंबऱ्यावरून गेली. अख्खं घर पलीकडे राहिलं.

"हे अतिक्रमणात आहे," साहेब म्हणाले. आवाज वाईट नव्हता, पण शब्द तोच.

एकच गलका झाला. ज्यानं म्हसोबा चोरला त्यानंच घोटाळा केला, असं कोणीतरी ओरडलं. दोघांनी ज्योतीरामची गाडी अडवली. सुजितच्या दंडाला कोणीतरी धरलं. गोरक्ष सगळ्यात पुढं होता. "कुनी उचलला आमचा देव? सांगा! हात तोडतो त्याचा!"

"माझे तोड," मागून आवाज आला.

ठकुबाई अनवाणी येत होत्या. डोक्यावर पाटी, पाटीत बाजरी, बाजरीत अर्धा बुडालेला शेंदरी दगड. गर्दी आपसूक बाजूला झाली. सोजरबाईंच्या उंबऱ्यापाशी त्यांनी पाटी उतरवली आणि देव चुन्याच्या रेघेवर ठेवला.

"ही ह्याची जागा," त्या म्हणाल्या. "परवा ह्याला मी उचलला. आन त्याच्या आधी, ह्या बाईच्या मालकाला जागा इकायची म्हनून, माझ्या मालकानं हलिवला. पडवळांनी फसवलं हिला. दुसऱ्या कुनी न्हाई."

गोरक्षनं त्यांचा दंड धरला. "आई, काय बोलतीस? चार मानसांत?"

"चार मानसांतच बोलाया पाहिजे. घरात लई वरसं दाबून ठिवलं." त्या सोजरबाईंकडे वळल्या. "घराम्होरची माझी जागा हाय, रस्त्याकडची. त्यातला गुंठा तुझा. आता गुंठ्याचं खत व्हतं म्हनं, ही वकिलीन सांगती."

"रोडची जागा हाय ती, आई! ज्योतीराम किती द्यायला बसलाय तिचं!"

"म्हनून तर. वंगाळ जागा एकदा दिली."

मला वाटलं सोजरबाई पाया पडतील, निदान रडतील. त्या भयंकर चिडल्या. "ह्या भिंती मह्या मालकानं हातानं लिंपल्यात," त्या ओरडल्या. "तुमच्या गुंठ्यावर ते येनार हायेत का लिंपाया? देवाची जागा पुरून ठिवली मह्या पायाखाली, आन म्या इतकी वरसं..." त्या थांबल्या. नजर गर्दीतल्या सुजितकडे गेली. त्याच्या दंडावरचा हात अजून सुटला नव्हता.

"सोडा त्याला," सोजरबाई म्हणाल्या. मग त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "बाबा, म्या तुला करनी करनारा समजले. तुव्ह्या लेकराच्या बारशाला आले न्हाई. दारात उभी व्हते, पन आले न्हाई."

सुजित घरात गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. सोजरबाईंनी तो तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडाला लावला.

६

गुंठ्याचं खत करायचं तर गोरक्षची सही लागणार होती. वारस तोही होता. तो सही करील असं मला वाटत नव्हतं, आणि त्याला भाग पाडायला माझ्याकडे कायद्याचं एकही हत्यार नव्हतं. बापानं केलेल्या फसवणुकीचा दावा लावला असता तर सोजरबाई निकाल ऐकायला जिवंत राहिल्या असत्या का, कोण जाणे. ज्योतीराम रोज गोरक्षला फोन करत होता, हेही मला कळलं होतं.

गंमत अशी की कोंडीरामला त्या काळी हीच रस्त्याकडची जागा द्यायची असती, तरी एका गुंठ्याचं खत झालं नसतं. कायदा बदलला म्हणून लबाडी उघडी पडली, आणि कायदा बदलला म्हणूनच ती निस्तरता येत होती. ती निस्तरायची की नाही, हे मात्र कायदा सांगत नाही. ते गोरक्षला ठरवायचं होतं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात आमचा नंबर लागला तेव्हा ठकुबाई होत्या, सोजरबाई होत्या, साक्षीदार म्हणून सुजित सुट्टी टाकून आला होता. गोरक्ष नव्हता. कारकून नावं पुकारू लागला तसा तो दारातून आत आला, कंपनीच्या गणवेशातच, शिफ्ट अर्धी टाकून. कोणाकडे न बघता त्यानं यंत्रावर अंगठा दाबला आणि सह्या ठोकल्या.

बाहेर पडताना मी त्याला थांबवलं. "गोरक्षभाऊ, मला वाटलं होतं तुम्ही येणार नाही."

"मला बी वाटलं व्हतं," तो म्हणाला. "आधार कार्डावर बापाचं नाव हाय, ताई. रान घेतलं त्याचं, घर घेतलं. एवढंच न्हाई म्हनायला तोंड झालं न्हाई." सोजरबाईंच्या घराचे पत्रे आणायला रविवारी ट्रॅक्टर घेऊन येतो, असं सांगून तो निघून गेला.

मी आत परतले तेव्हा ठकुबाईंचा जबाब चालू होता. कारकून पडद्यावरून डोळे न काढता ठरलेले प्रश्न विचारत होता. स्वखुशीनं देताय का? व्हय. कोणाचा दबाव? न्हाई.

"मोबदला मिळाला का?"

मी पुढं झाले. उत्तर काय द्यायचं ते मी त्यांना घरी शिकवलं होतं, 'व्हय, मिळाला', दोन सोपे शब्द. ठकुबाईंनी मला हातानं मागं सारलं.

"मागंच मिळाला," त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "माझ्या मालकानं घेतला, कोंडीराम पडवळानं. जागा द्यायची राहिली व्हती."

कारकुनानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. सोजरबाई शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या, ठकुबाईंचा, सहीच्या जागी उठवून शाईनं काळा झालेला अंगठा हातात घेतला आणि आपल्या पदरानं पुसू लागल्या.